दोन टक्क्यांचा कायदा

रासमीनच्या सल्तनतीत क्रांती होऊ नये यासाठी मला दर महिन्याला पगार मिळत असे. पगार बरा होता आणि क्रांती झाली नाही, त्यामुळे माझ्या कामात खोट काढायला कुणाला फारशी जागा नव्हती.

मी याकूब परकार. गाव दापोलीच्या खाली, समुद्राला टेकलेलं. शिक्षण पुण्यात, संख्याशास्त्राचं. नोकरी आखाताच्या तोंडाशी असलेल्या या पंधरा लाख वस्तीच्या देशात, चौदा वर्षं. हुद्दा, इस्लाह खात्यातला मुख्य गणक. इस्लाह म्हणजे सुधारणा. खात्याच्या दारावर ते सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं आणि दार सहसा बंद असे.

कायदा म्हणजे पुस्तक, ही आमच्या पिढीची समजूत. दोन हजार छत्तीस सालापर्यंत ती रासमीनमध्ये कालबाह्य झाली होती. बंदरावरचं फाटक, बँकेची खिडकी, दवाखान्याचा काउंटर, सगळीकडे आपलं नागरी कार्ड टेकवायचं. फाटक मध्यवर्ती संगणकाला विचारतं, या माणसाला हे करता येतं का? संगणक सांगतो, आणि दिवा हिरवा होतो किंवा लाल. म्हणजे कायदा आता पुस्तकात नव्हता. तो एका प्रश्नाला मिळणारं एक उत्तर होता. पुस्तक बदलायचं तर सगळ्यांसाठी एकदम बदलावं लागतं. उत्तर मात्र एकेका कार्डाला वेगवेगळं देता येतं.

फोन बनवणाऱ्या कंपन्या हेच करतात. नवी आवृत्ती आधी शंभरातल्या दोघांना देतात. त्यांचे फोन पेटले नाहीत तर दहांना, मग सगळ्यांना. सुलतानांनी हे तत्त्व राज्यकारभाराला लावायचं ठरवलं आणि त्याला तदर्रुज असं नाव दिलं. तदर्रुज म्हणजे पायरीपायरीने. नवा हक्क आधी सोडतीने निवडलेल्या दोन टक्के लोकांना, मग दहा, मग पन्नास, मग सर्वांना. एकाच घरात थोरला भाऊ नगरपालिकेला मत देऊ शकतो आणि धाकटा देऊ शकत नाही, असं दोन वर्षं चाललं. धाकट्याने फार मनाला लावून घेतलं नाही. स्थळं पाहताना मात्र मुलगा कितव्या आवृत्तीत आहे हे लोक विचारू लागले.

कधी थांबायचं आणि कधी पुढे जायचं हे मीझान ठरवत असे. मीझान म्हणजे तराजू. हा तराजू समाजाचा ताण मोजायचा. मदतवाहिनीवर बोलणाऱ्यांच्या आवाजातली थरथर, चौकातले हॉर्न, जुम्याच्या नमाजानंतर लोक अंगणात किती वेळ घोळका करून उभे राहतात, डोकेदुखीच्या गोळ्यांचा खप, अशा दोनशे गोष्टींतून तो एकच आकडा काढी. काच तापवणारा कारागीर जशी आच वाढवतो, तसा हा सगळा प्रकार. आकडा चाळीसच्या खाली राहिला आणि ज्यांना हक्क मिळाला त्यांतल्या वीस टक्क्यांनी तो वापरला, तर पुढची पायरी. आकडा चढला, तर एक पायरी मागे. आणि पाच टक्क्यांनीही हक्क वापरला नाही, तर 'समाजाला गरज नाही' असा शेरा मारून पाच वर्षं फाईल बंद.

हा पाच टक्क्यांचा नियम माझा.

हक्कांच्या यादीत तिसरी पायरी बायकांच्या प्रवासाची होती. तोवर रासमीनमधल्या कुठल्याही बाईला देशाबाहेर जायचं तर वलीची परवानगी लागे. वली म्हणजे तिचा बाप, नवरा, भाऊ, यांतलं कुणीच नसेल तर मुलगा. आता हे बंधन काढायचं होतं. सोडतीत नऊ हजार चारशे बारा बायका आल्या, त्यांत परदेशी रहिवाशांच्या बायकाही होत्या. गाजावाजा करायचा नव्हता, कारण गाजावाज्याने ताण वाढतो. प्रत्येकीला फक्त एक निरोप जायचा होता. तिने तो उघडून 'स्वीकार' दाबलं की तिचं कार्ड हिरवं. कुणावर हक्काची सक्ती नको, म्हणून स्वीकाराची अट उपमंत्री डॉ. हाझम यांनी घातली. माणसं घाईत असतात, म्हणून 'स्वीकार'च्या शेजारी 'नंतर' हे बटण मी घातलं.

पहिल्या शुक्रवारी मी मासळीबाजारात सुरमई निवडत होतो. फोन वाजला. वाटलं, रुकय्याला कोळंबीपण हवी असेल.

निरोप खात्याचाच होता. 'रुकय्या परकार, आपल्याला आजपासून वलीच्या परवानगीशिवाय प्रवासाचा हक्क मिळत आहे. स्वीकार. नंतर.'

मला आधी गंमत वाटली. सोडत माझी, आणि लागली माझ्याच घरात. मग कळलं की निरोप तिचा असून फोन माझा आहे. आलो तेव्हा तिचं खातं माझ्या नंबरावर उघडलं होतं. तेव्हा सगळेच तसं करत. एका नंबरावर घर असलं की पाण्याचं बिल, गॅस, सगळं एकत्र येतं. रासमीनमधल्या जवळजवळ सगळ्या बायकांची खाती अशीच होती. नऊ हजार चारशे बारा बायकांना 'तुला आता यांना विचारायची गरज नाही' हे आम्ही त्यांच्या वलींनाच विचारून कळवत होतो. आठ जणांच्या आमच्या तांत्रिक समितीत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. समितीत सगळ्यांचे फोन स्वतःचे होते.

हे सोमवारी कार्यालयात सांगायला हवं होतं. पण त्याआधी 'स्वीकार' घरी जाऊन तिच्या हाताने दाबायला हवं होतं. माझे हात मासळीने ओले होते. मी करंगळीने 'नंतर' दाबलं.

आता खरं सांगतो. हात पुसायला बाजारात नळ होता.

त्याचं असं आहे की चौदा वर्षं माझ्या फोनवर अधूनमधून एक ओळ येत असे, 'रुकय्या परकार प्रवासाची परवानगी मागत आहेत. होय. नाही.' मी एकदाही 'नाही' दाबलं नव्हतं. माहेरी दोन महिने, होय. मैत्रिणींबरोबर मस्कत, होय. हे मी पाहुण्यांना सांगत असे. 'या देशात राहूनसुद्धा मी आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही,' असं म्हणून बिर्याणीचं भांडं पुढे सरकवत असे. पाहुणे रुकय्याकडे बघून म्हणत, 'नशीबवान आहात, भाभी.' ती पापड मोडत असे.

हक्क तिच्याकडे गेला की माझा उदारपणा संपणार होता. वाईट नवऱ्याला या कायद्याने फारसा तोटा नव्हता, तो तसाही बदनामच होता. नुकसान माझ्यासारख्या चांगल्या नवऱ्यांचं होतं.

शमसा बिन्त खल्फान माझी सहायक. अडतीस वर्षांची, अविवाहित, आमच्या सगळ्या खात्यात आकड्यांकडे संशयाने बघणारी एकटीच. तिला मलेशियातल्या एका विद्यापीठाने डॉक्टरेटसाठी जागा दिली होती. तिचा वली होता तिचा सव्वीस वर्षांचा भाऊ, बाप वारल्यावर कायद्याने तिचा पालक झालेला. त्याला शाळेत तिनेच बेरीज शिकवली होती. तो सही करेना. म्हणे, लोक काय म्हणतील. पहिल्या दोन टक्क्यांत शमसाचा नंबर लागला नव्हता. दहा टक्क्यांच्या गटात होता. पुढची पायरी सप्टेंबरच्या आत पडली तर ती जाणार होती, नाहीतर जागा दुसऱ्याला.

महिन्याभराने ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"उस्ताद याकूब, हे बघा. नऊ हजारांतल्या फक्त दोनशे बायकांनी स्वीकार केलाय."

"सुरुवातीला असंच असतं."

"मतदानाच्या वेळी पहिल्या आठवड्यात साठ टक्के होते. आणि या न करणाऱ्या बायकांनी याच महिन्यात वलीकडे परवानग्या मागितल्यात. हक्क मिळालेला असताना कोण मागेल?"

"सवय असते, शमसा."

"मला सवय असती तर मी अशी उभी राहिले असते?" ती म्हणाली. "निरोप पोचतच नसणार. कुणाच्या फोनवर जातात ते बघूया का?"

"फोनची यादी मोहरबंद आहे," मी म्हणालो. हे खरं होतं. ज्याच्या घरात सोडत लागली आहे अशा अधिकाऱ्याने ते लेखी कळवायचं, हेही त्याच नियमात खरं होतं.

चव्वेचाळीसाव्या दिवशी आमची आढावा बैठक होती. विषय, स्त्रियांच्या प्रवासहक्काची प्रगती. बैठकीला फोन बाहेर कपाटात ठेवायचे असतात.

त्याच सकाळी रुकय्या तिच्या शाळेच्या अठरा मुलींना घेऊन पलीकडच्या देशात गणिताच्या स्पर्धेला निघाली होती. ती इथल्या भारतीय शाळेत दहावीला गणित शिकवते. मुलींच्या वडिलांच्या परवानग्या आठवडाभर आधी आल्या होत्या. स्वतःची तिने बंदराच्या धक्क्यावरून मागितली, कारण मी पाच मिनिटांत 'होय' दाबतो हे तिला माहीत होतं. चौदा वर्षांचा अनुभव होता.

बैठक तीन तास चालली. 'सावधपणा' या शब्दावर एक तास गेला. बाहेर येऊन फोन काढला तर त्यावर रुकय्याच्या अकरा विनंत्या होत्या. मी उभ्या उभ्या अकराही वेळा 'होय' दाबलं. बोट साडेदहाला सुटली होती आणि तेव्हा साडेबारा वाजले होते.

घरी आलो तेव्हा ती वह्या तपासत होती.

"तुम्ही बैठकीत होतात ना," ती म्हणाली. "चूक माझीच. आदल्या दिवशी मागायला हवी होती."

"मुली?"

"मुलींचे दिवे हिरवे, माझा लाल. एकीने विचारलं, मिस, तुमच्या घरी कुणी रागावलंय का? म्हटलं नाही गं, सर कामात आहेत." तिने एका वहीवर खूण केली. "सगळ्याजणींना परत आणलं. त्यांतल्या दोघींनी वर्षभर तयारी केली होती. पुढच्या वर्षी त्यांचं वय बसणार नाही."

त्या वेळी तिला सांगता आलं असतं. मी म्हणालो, "पुढच्या वेळी मी फोन शिपायाकडे देऊन ठेवीन." ती म्हणाली, "बरं."

साठाव्या दिवशी फोनवर पुन्हा आठवण आली, तिसाव्या दिवशी आली होती तशीच. पहिल्या दोन वेळा आळस होता, थोडी ऐट होती. आता सांगायचं तर धक्क्यावरचे तीन तासही सांगावे लागले असते. मी तिसऱ्यांदा 'नंतर' दाबलं.

ब्याण्णवाव्या दिवशी अंतिम निर्णयासाठी मजलिस बसली. चौदा माणसं, भिंतीला लागून बैठका, मधे गालिचा. डाव्या हाताला डॉ. हाझम, परदेशात शिकलेले, मनगटावर तीन उपकरणं. उजवीकडे शेख मुहन्ना, सल्तनतीचे वडील काझी, वय ऐंशीच्या पुढे. आमच्या खात्यात शेखांचं टोपणनाव 'लाल दिवा' होतं. प्रत्येक सुधारणा अडते ती त्यांच्यापाशी, असं आम्ही सगळे मानत असू. मी तर तसं एका आंतरराष्ट्रीय परिषदेत, नाव न घेता, बोललोही होतो. कोपऱ्यातून उबैद कहव्याची सुरई घेऊन फिरत होता. कहवा पुरे झाला की पेला किंचित हलवायचा, नाहीतर तो ओततच राहतो. उबैदला या मजलिशीत बावीस वर्षं झाली होती आणि त्याला कुणी मोजत नसे.

मी आकडे मांडले. ताण, एकतीस. उत्तम. वापर, तीनशे अकरा बायका. तीन पूर्णांक तीन टक्के.

"म्हणजे नियमाप्रमाणे गरज नाही," डॉ. हाझम समाधानाने म्हणाले. "आपल्या भगिनी संतुष्ट आहेत. आपण दिलं, त्यांनी घेतलं नाही. जगाला हे सांगता येईल. पाच वर्षांनी पुन्हा बघू."

माझ्या मागे बसलेल्या शमसाचा कागद चुरगळल्याचा आवाज आला. तिला मजलिशीत बोलायची परवानगी नव्हती. ती पायरी पाचवी होती.

शेख मुहन्नांनी पेला हलवला आणि उबैदला परत दिला.

"निरोप कुणाच्या हातात पडला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "नोंदणीकृत क्रमांकावर, शेख."

"क्रमांकाला हात नसतो, बेटा. मी पन्नास वर्षं तलाकनामे, वारसाहक्क, मेहर यांचे खटले ऐकतोय. पत्र पाठवलं म्हणणारे सगळेच असतात. मी एकच विचारतो, घेतलं कुणी? ज्याचं होतं त्याने, की दारात उभ्या असलेल्या दुसऱ्याने?"

"यंत्र हाताची नोंद ठेवत नाही," मी म्हणालो. वाक्य शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होतं.

"नसेल ठेवत." शेखांनी चौदाही चेहऱ्यांवरून नजर फिरवली. "हक्क ही अमानत आहे. ती पोचलीच नाही तर तिने नाकारली असं मी कसं लिहू? पण संशयावरही मी लिहीत नाही. मला एक साक्षीदार द्या. एकच. जो म्हणेल, माझ्याकडे आला होता आणि मी दाबून ठेवला. मग मी लिहितो."

मला माझे हात दिसत होते, ते मांडीवर होते.

"असा माणूस कुठे मिळणार?" डॉ. हाझम हसले.

"जुहरच्या नमाजानंतर पुन्हा बसू," शेख म्हणाले. "मिळाला नाही तर तुमचं म्हणणं मान्य."

बाहेर आलो तर शमसा ओसरीत चालकांना विचारत होती. मग पहारेकऱ्यांना. मग टपालवाल्यांना. देशातली एक बुद्धिमान संख्याशास्त्रज्ञ दुपारच्या उन्हात दारोदार एका माणसाच्या नमुन्याचा शोध घेत होती. लोक मान हलवत होते, काही हसत होते. एक चालक म्हणाला, "आपा, असं कोण कबूल करेल? बायकोला तरी तोंड दाखवायचंय ना."

ती माझ्यापाशी आली. कपाळाला घाम होता.

"उस्ताद, तुमच्या ओळखीत कुणी? तुमच्या भारतीय मंडळींत? कुणालाही आला असेल. नाव गुप्त ठेवू म्हणावं."

"विचारून बघतो," मी म्हणालो.

आणि वजूखान्यात गेलो. वजू करताना चेहरा तीनदा धुवायचा असतो. मी किती वेळा धुतला ते मोजलं नाही. माझ्यामागे थांबलेला माणूस कंटाळून दुसऱ्या नळाकडे गेला.

नमाजानंतर मजलिस पुन्हा भरली. शेखांनी विचारलं, "आहे कुणी?"

मी बैठकीच्या कडेवर आलो. माझ्या पायांत उठण्याची तयारी झाली होती, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण पायांची साक्ष कुठल्याच न्यायालयात धरत नाहीत.

"मी आहे," उबैद म्हणाला.

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. त्याने सुरई खाली ठेवली.

"माझी मुलगी मौझा. विधवा आहे, माझ्याकडे असते. तिचा निरोप माझ्या फोनवर आला."

"तुला समजला नसेल," डॉ. हाझम सौम्यपणे म्हणाले. "वाचता येत नाही ना तुला?"

"येतं. बावीस वर्षं इथले कागद उलटे धरून आणलेत, साहेबांना बरं वाटतं म्हणून." त्याने हात अंगरख्याला पुसले. "मी वाचलं. मौझाचा भाऊ परदेशात आहे, तो तिला बोलावतो. ती गेली तर मला जेवायला कोण घालेल, असं आलं मनात. मी 'नंतर' दाबलं. पुन्हा आला, पुन्हा दाबलं. दुपारी त्या शमसाबाई पहारेकऱ्यापुढे हात जोडून उभ्या होत्या. मौझाच्या वयाच्या आहेत. मला लाज वाटली."

"किती दिवस ठेवलास?" शेखांनी विचारलं.

"ब्याण्णव."

शेखांनी मान खाली घातली आणि लिहायला घेतलं. उबैदला त्यांनी गालिच्यावर बसायला सांगितलं. त्यामुळे पुढचा तासभर कहवा द्यायला कुणी नव्हतं आणि मजलिस कोरडीच चालली.

निकाल असा झाला. न स्वीकारणं म्हणजे नाकारणं धरता येणार नाही. प्रत्येक बाईला निरोप पुन्हा द्यायचा, कागदावर, बाई कारकुनाने घरी जाऊन, तिच्याच हातात. निरोप आधी कधी आला होता, कुणाच्या फोनवर पडून होता, किती वेळा पुढे ढकलला, हे त्यात लिहायचं. आणि दहा टक्क्यांची पायरी आजपासून लागू.

डॉ. हाझम यांनी सर्वांत आधी अभिनंदन केलं. संध्याकाळच्या बातम्यांत ते म्हणाले की ही कल्पना खात्याचीच होती.

शमसाचा दिवा आठवड्याने हिरवा झाला. निघताना ती खजुराचा डबा घेऊन आली.

"तुम्हीही विचारत होतात त्या दिवशी," ती म्हणाली. "मी विसरणार नाही, उस्ताद."

मी डबा घेतला. खजूर उत्तम होते.

कागदी निरोप वाटायला तीन आठवडे लागणार होते. त्याआधी रुकय्याला सांगणं भाग होतं. मी या विषयातला तज्ज्ञ असल्यामुळे पायरीपायरीने सांगायचं ठरवलं. आधी दोन टक्के.

"ऑफिसात एक जण आहे," मी जेवताना म्हणालो. "बायकोचा निरोप त्याच्या फोनवर आला होता. सांगायचा राहून गेला त्याचा."

"राहून गेला म्हणजे?"

"म्हणजे कामात."

"किती दिवस?"

"असतील दोन-तीन महिने."

"बायको काय म्हणाली?"

"तिला अजून माहीत नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत?" तिने भात वाढता वाढता विचारलं. "तो तुम्हाला सांगतो आणि तिला नाही? अजब आहेत तुमचे लोक." आणि वाटी पुढे केली. "कालवण घ्या."

ताण साधारण पस्तीस असावा असं मी धरलं. पुढची पायरी शुक्रवारी टाकायची होती.

बुधवारी चार वाजता बेल वाजली. दारात काळ्या अबायातली एक तरुण कारकून होती, हातात पाकिटांची पिशवी. तिने रुकय्याचं कार्ड तपासलं, पाकीट तिच्या हातात दिलं आणि नियमाप्रमाणे ती वाचेपर्यंत उभी राहिली. मी मागे, पडद्यापाशी उभा होतो.

रुकय्याने चष्मा लावून वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. गणित शिकवणारी माणसं वाचतात तसं, बोट ठेवून. एका तारखेवर तिचं बोट थांबलं, आणि दुसऱ्या हाताने तिने काहीतरी मोजलं. चव्वेचाळीस येत होते.

"खाली एक प्रश्न आहे, बाईसाहेब," कारकून म्हणाली. "ज्याने निरोप अडवला त्याच्याविरुद्ध तक्रार आहे की नाही. खूण करायची."

"तक्रार केली तर काय होतं?"

"सरकारी नोकर असेल तर बडतर्फ. परदेशी असेल तर वास्तव्याचा परवाना रद्द. त्याचा आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचा."

"म्हणजे माझाही."

"हो. तुमचाही."

रुकय्याने पेन मागून घेतलं. मग 'तक्रार नाही'वर खूण केली आणि सही केली. कारकून म्हणाली, अल्लाह या घरात शांती ठेवो, आणि जिना उतरून गेली.

दार लावून रुकय्या टेबलाशी बसली.

"माफ केलं असं समजू नका," ती म्हणाली. आवाज वर्गातला होता. "माझी दहावीची मुलं परीक्षेच्या तोंडावर टाकून मला जायचं नाही, म्हणून नाही लिहिलं."

"समजतंय मला."

"माझा परवाना तुमच्या परवान्याला का बांधलेला आहे?"

"ती पुढची पायरी आहे."

"कितवी?"

"सातवी."

"कधी येणार?"

"तेरा वर्षांनी."

"कुणी ठरवलं?"

"मी," मी म्हणालो. "फाईलवर सही माझी आहे. 'समाज अजून तयार नाही' असा शेरा आहे."

"तेराच का? चौदा का नाहीत, पाच का नाहीत?" तिने वहीचा कोरा कागद फाडला आणि पेनसकट माझ्यापुढे सरकवला. "कसे आले ते मांडून दाखवा."

मी पेन हातात घेतलं. तो आकडा मी एका दुपारी, डबा खाता खाता लिहिला होता. मीझानला विचारलं नव्हतं, शमसालाही नाही. कागद बराच वेळ कोरा राहिला. शेवटी तिने पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

"तुमचं वय सत्तेचाळीस," ती म्हणाली आणि लिहिलं. त्याखाली तेरा लिहिले, बेरजेचं चिन्ह काढलं, रेघ मारली. इथे परदेशी माणसाला साठाव्या वर्षी नारळ देऊन मायदेशी पाठवतात, हे या घरात दोघांनाही माहीत होतं. तिने खाली साठ लिहिलं आणि उत्तराखाली मुलांना मारायला सांगतात तशा दोन रेघा मारल्या.